सैल झालंय, मोडलेलं नाही

यंदा रमजानमध्ये एका संध्याकाळी मगरिबची अजान झाली, आणि माझ्या मनगटावर अजून चार मिनिटं बाकी होती. मुलं खजूर हातात घेऊन माझ्याकडे बघत होती. घड्याळ अब्बांचं. एचएमटी जनता, सतरा ज्वेलचं, रोज चावी द्यावी लागणारं. अब्बा फजरनंतर आधी घड्याळाला चावी देत, मग चहा घेत.

ईदनंतर एका दुकानात गेलो. दुकानदाराने झाकणही न उघडता सांगितलं, "मशीन गेलं. क्वार्ट्झ टाकून देतो, डायलही नवीन छापून देतो, चमकेल." मी घड्याळ परत घेतलं. नवी मशीन, नवी डायल! मग अब्बांचं काय उरणार? केस आणि पट्टा, आणि पट्टा तर मीच बदललेला.

दुसरे घडीसाज एका जिन्याखाली बसतात. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, चावी ओढून काटे फिरवून पाहिले आणि म्हणाले, "मशीन चालू आहे मास्तर, काटे सैल आहेत."

मिनिटकाटा ज्या बारीक नळीवर बसतो, ती नळी आतल्या दांडीवर नुसत्या घर्षणाने धरलेली असते. म्हणूनच वेळ लावताना काटे फिरतात आणि मशीनला धक्का लागत नाही. वर्षानुवर्षं काटे फिरवून ही पकड ढिली होते. मग सेकंदाला पाच ठोके नीट पडत राहतात, पण काटे मागे रेंगाळतात. चाचांनी नळी हलकेच चिमटून पुन्हा बसवली. चावीही हलत होती, तिच्या दांडीला धरणारा आतला स्क्रू आवळला. डायलवरचा सुटलेला एक आकडा मी घरी सुपरग्लूने चिकटवणार होतो हे ऐकून ते चिडलेच. त्या गोंदाची वाफ काचेवर आणि डायलवर पांढरी धरते. डायल नवी छापायला त्यांनी साफ नकार दिला. पिवळी पडली तरी ती मूळची आहे, म्हणाले.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. मराठीतला 'दुरुस्त' फारसीतून आला. त्याचा अर्थ योग्य, ठीक. 'बदल' अरबीतून आला. दोन्ही शब्द आपल्या घरात नांदतात, पण आज दुकानात दुरुस्तीची पाटी लावून बदलच विकला जातो. माझी तक्रार एवढीच आहे.

सगळंच दुरुस्त होतं असा माझा दावा नाही. स्प्रिंग तुटली, चाकं गंजली, तर सुटा भाग बदलावाच लागतो.  शिवाय 2016 साली सरकारने एचएमटी वॉचेस कंपनी बंद करायला मंजुरी दिली, त्यामुळे सुटे भाग बऱ्याचदा जुन्या घड्याळांतून काढावे लागतात. वेळेच्या अचूकतेत स्वस्तातलं क्वार्ट्झही जनताला हरवतं, हेही मान्य. पण निदान झाकण उघडून बघा. न बघता 'गेलं' म्हणणं हा आळस आहे, आणि त्याचे पैसे गिऱ्हाईक भरतं.

चाचांचा मुलगा मोबाइल दुकानात कामाला जातो. त्याला दोष कसा देऊ? चाचांनी माझ्याकडून दीडशे रुपये घेतले. तासाभराचं काम, चाळीस वर्षांची नजर. आपणच घासाघीस करतो आणि मग कारागीर उरले नाहीत म्हणून हळहळतो. मी ठरवलंय, पुढच्या सत्रात कार्यानुभवाच्या तासाला चाचांना वर्गात बोलवायचं, योग्य मानधन देऊन. माझ्या वर्गातही दोन-तीन मुलं आहेत, ज्यांच्याबद्दल शिक्षक-खोलीत 'गेलेली केस' असं बोललं जातं. त्यात माझाही आवाज असतो. त्यांनी भिंग लावून काम करणारा माणूस बघावा. आणि मीही बघावा.

घड्याळ सध्या दिवसाला अर्धा मिनिट पुढे जातं. फजरनंतर चावी देताना मी ते मागे घेतो.