शिक्षा झाली म्हणून दावा संपतो का?

मराठी मनात पानिपत हे एका पराभवाचे नाव आहे. दिल्लीपासून सुमारे ९० किलोमीटरवरच्या आजच्या पानिपतात मात्र माणसे येतात ती पोटासाठी : चादरी आणि ब्लँकेटांच्या कारखान्यांत, तेलशुद्धीकरण प्रकल्पात, सराफ बाजारात. परमुलखात कमावणाऱ्याचे तंटेही परमुलखातच उभे राहतात, आणि तेथील कोर्टाची पायरी चढताना त्याच्यासोबत बहुधा कोणी नसते.

समजा, सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडून गलाईच्या धंद्यासाठी उत्तरेत आलेल्या एखाद्या कारागिराने थकलेल्या मजुरीसाठी दिवाणी दावा लावला. वकिलाची फी परवडत नाही म्हणून तो स्वतःच उभा राहिला. दरम्यान, सराफाच्या फिर्यादीवरून सोन्याच्या अपहाराबद्दल दंडाधिकाऱ्यांनी त्याला दोषी ठरवले. पुढच्याच तारखेला प्रतिवादीचा अर्ज येतो : वादी गुन्हेगार ठरला आहे, सबब वादपत्र नामंजूर करावे. एका बाजूला निवाड्यांची चळत, दुसऱ्या बाजूला मोडक्या हिंदीत बोलणारा, नुकतीच शिक्षा झालेला माणूस. असा अर्ज मंजूर होण्यास याहून अनुकूल परिस्थिती शोधून सापडणार नाही.

कायदा मात्र सराफाच्या बाजूने तितका सरळ उभा नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७, नियम ११ खाली वादपत्र नामंजूर करताना न्यायालयाने वादपत्रातील कथनच पाहावयाचे असते. प्रतिवादीचा बचाव त्या टप्प्यावर विचारात घ्यावयाचा नसतो. फौजदारी निकाल हा येथे बचावच. शिवाय फौजदारी निकालाला दिवाणी कोर्टात किती वजन, हेही ठरलेले आहे. अनिल बिहारी घोष प्रकरणात १९५५ मध्ये प्रश्न होता दत्तक पित्याच्या खुनाबद्दल शिक्षा झालेल्या मुलाचा. खटला चालला आणि शिक्षा झाली, एवढेच त्या निकालाने सिद्ध होते. खून त्यानेच केला की नाही, हे दिवाणी न्यायालयाने स्वतंत्र पुराव्यावर ठरवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी जुन्या ४० ते ४३ या कलमांतील तत्त्व नव्या ३४ ते ३७ मध्ये कायम आहे.

अर्थात याला मर्यादा आहेत. खोट्या खटल्यात गोवल्याबद्दल नुकसानभरपाई मागणाऱ्याला तो खटला आपल्या बाजूने संपला, हे दाखवावेच लागते. शिक्षा कायम असताना त्या दाव्याचा पायाच उरत नाही. आणि २००९ च्या सेठ रामदयाल जाट निकालाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली : फौजदारी कोर्टात गुन्हा कबूल केला असेल, तर ती कबुली दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून वापरता येते. ‘दंड भरून मोकळे व्हा’ हा सल्ला वकील नसलेल्या माणसाला किती महागात पडू शकतो, हे यावरून उमगावे.

खोडसाळ दावे मुळातच खुडून टाका, असे १९७७ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अरिवंदंदम प्रकरणात बजावले होते. तुंबलेली कोर्टे पाहता तो आग्रह गैर नव्हता. परंतु खोडसाळ दावा वेगळा आणि शिक्षा झालेल्या माणसाचा दावा वेगळा. ही रेघ पुसली की काय घडते, ते इंग्लंडने पाहिले आहे. १९७४ च्या बर्मिंगहॅम बॉम्बस्फोटांत २१ जण ठार झाले. १९७५ मध्ये सहा जणांना जन्मठेप झाली. कोठडीत मारहाण झाल्याचा त्यांचा दिवाणी दावा १९८० मध्ये अपील न्यायालयाने निकालात काढला. दावा खरा ठरला तर पोलीस खोटे ठरतील आणि ती कल्पनाच भयंकर आहे, असे लॉर्ड डेनिंग यांचे म्हणणे होते. १९८१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनेही दोषसिद्धीला दिलेले हे आडवळणी आव्हान प्रक्रियेचा दुरुपयोग ठरवले. १९९१ मध्ये सहाही जणांची शिक्षा रद्द झाली. त्यांच्यासाठी तर वकील उभे होते!

सरकारी सेवेतील वाचकांना हा प्रश्न परका वाटू नये. संविधानाच्या अनुच्छेद ३११(२) च्या परंतुकानुसार, फौजदारी दोषसिद्धीस कारण ठरलेल्या वर्तनावरून कर्मचाऱ्याला चौकशीशिवाय बडतर्फ करता येते. सेवेत शिक्षा हा जवळजवळ अंतिम शब्द असतो. त्या सवयीने फायली पाहणारा अधिकारी दिवाणी कोर्टातही तेच गृहीत धरतो, आणि सरकार प्रतिवादी असेल तेव्हा तशाच अर्जावर सही करतो.

पानिपतच्या कोर्टाला नव्या कायद्याची गरज नाही. शिक्षेविरुद्ध अपील प्रलंबित असेल, तर दावा नामंजूर करण्याऐवजी तहकूब ठेवता येतो. वकील नसलेल्या वादीला, अर्ज ऐकण्यापूर्वी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवता येते. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ नुसार कोठडीतील व्यक्ती आणि औद्योगिक कामगार मोफत वकिलास पात्रच आहेत. वादपत्र नामंजूर झालेच, तर तो आदेश हुकूमनामा मानला जातो आणि त्यावर अपील चालते. नियम १३ खाली नवे वादपत्रही दाखल करता येते. जिल्हा न्यायालयातील अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे, आणि हे त्या कारागिराला आदेशाच्या दिवशीच, त्याला कळेल अशा भाषेत, कोणीतरी सांगायला हवे.