एमसीबी पडला? पडू द्या, पण आधी त्याचं ऐका

माझं मत साधं आहे. एमसीबी पडला की धावत जाऊन लगेच वर करू नये. आणि तो वारंवार पडतो म्हणून त्याच्या जागी मोठा एमसीबी तर मुळीच बसवू नये. यात नवीन काय, असं म्हणाल. पण "साहेब, 16 काढून 32 टाकून देतो, परत पडायचा नाही" हे वाक्य मी आमच्याच सोसायटीत दोन वेगवेगळ्या घरांत ऐकलंय, आणि दोन्हीकडे मंडळी खूश होती!

मुळात त्या डबीत दोन पहारेकरी असतात. पहिला म्हणजे दोन धातूंची जोडपट्टी. करंट जास्त झाला की पट्टी तापते. एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त प्रसरण पावतो, म्हणून पट्टी वाकते आणि खटका पाडते. हा गडी मुद्दामच सावकाश आहे. नेमून दिलेल्या करंटच्या 1.13 पटीपर्यंत त्याने तासभर तरी पडायचं नाही, आणि 1.45 पटीला तासाभरात पडायलाच हवं, असा नियम आहे. दुसरा पहारेकरी म्हणजे तारेचं वेटोळं. शॉर्ट सर्किट झालं की ते चुंबक बनून आतली दांडी खेचतं, तेही सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत. घरात नेहमी दिसणाऱ्या 'सी' प्रकारात हा 5 ते 10 पट करंटला जागा होतो. म्हणूनच फ्रिज चालू होताना क्षणभर जास्त करंट ओढतो तेव्हा एमसीबी पडत नाही.

आता हिशोब करा. 3000 वॅटचा गीझर 13 अँपिअर घेतो, इस्त्री साधारण साडेचार, पाणी तापवायची किटली साडेसहा. तिन्ही एकाच लाइनवर असतील तर झाले 24. सोळाच्या एमसीबीची 1.45 पट होते 23.2. म्हणजे थोडा वेळ चालून तो पडणार, आणि पडायलाच हवा. तिथे 32 चा बसवला तर? तो 36 अँपिअरपर्यंत तासभर शांत बसू शकतो. भिंतीत मात्र तीच जुनी अडीच स्क्वेअरची वायर. तिचं पीव्हीसी 70 अंशांपर्यंतच टिकेल असं धरलेलं असतं. आता खटका पडणार नाही, वायर भाजेल. पूर्वी किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळायचे, त्याचीच ही नवी आवृत्ती.

आमच्या धंद्यात याला रिकामा कॅच ब्लॉक म्हणतात. एरर दिसेनाशी झाली, सगळे खूश. बग आपला जागच्या जागी.

मग करायचं काय? त्या लाइनवरची सगळी उपकरणं बंद करा, प्लग काढा. दोन मिनिटं थांबा, कारण पट्टी गार झाल्याशिवाय खटका टिकत नाही. दांडी मध्येच अडकली असेल तर आधी पूर्ण खाली, मग वर. बोटाने दाबून धरण्यात अर्थ नाही, आतली यंत्रणा तरीही सुटते. सगळं बंद असूनही तत्क्षणी पडला, तर दोष बहुतेक वायरिंगमध्ये आहे. पुन्हा प्रयत्न नको, जाणकार इलेक्ट्रिशियन बोलवा. टिकला, तर एकेक उपकरण लावत जा. एखादं लावताच पडला तर दोषी तेच. सगळी लावून बऱ्याच वेळाने पडला तर भार जास्त आहे, गीझरला वेगळी लाइन घ्या.

आणखी एक. एमसीबी तुमच्यासाठी नसतो, वायरसाठी असतो. माणसाला शॉक लागून जीव जायला फार थोडा करंट पुरतो, तो याच्या खिजगणतीतही नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी वेगळा लागतो.

असो. रविवार आहेच, तर डीबीवरचे आकडे वाचा. कुठे 32 दिसला तर एकच प्रश्न विचारा: मागची वायर किती जाडीची आहे? उत्तर कोणालाच देता येत नसेल, तर तो 32 कोणी आणि का बसवला ते शोधायला हवं.