वाडा एक, बिऱ्हाडे सहा

इंटेल कंपनीने सप्टेंबर २००८ मध्ये ‘झिऑन ७४००’ हा प्रोसेसर बाजारात आणला. तो बंगळूरच्या अभियंत्यांनी तयार केला होता. टपाल तिकिटाएवढ्या चिपवर १९० कोटी ट्रान्झिस्टर आणि तब्बल सहा कोअर!

कोअर म्हणजे प्रोसेसरचा गाभा, प्रत्यक्ष आकडेमोड करणारा भाग. पूर्वी एका प्रोसेसरमध्ये एकच कोअर असे. त्याचा वेग वाढवत नेला, तर चिप फार तापते. म्हणून एकाच चिपवर अनेक कोअर बसवण्याची युक्ती निघाली. वाडा एकच, पण आत बिऱ्हाडे सहा!

मग प्रश्न आला पैशांचा. बँका, रुग्णालये, कारखाने यांचे काम सर्व्हर नावाच्या मोठ्या संगणकावर चालते. त्यावरच्या सॉफ्टवेअरचे परवाने बऱ्याचदा प्रोसेसर मोजून विकले जात. आता पट्टी वाड्याची घ्यायची की बिऱ्हाडांची?

मायक्रोसॉफ्टने २००४ मध्येच जाहीर केले होते, की कोअर कितीही असोत, प्रोसेसर एकच धरू. ऑरेकलने मात्र आपल्या मोठ्या डेटाबेससाठी इंटेलच्या प्रत्येक कोअरला अर्धा परवाना लावला. म्हणजे बंगळूरच्या या प्रोसेसरला एकीकडे एक परवाना, तर दुसरीकडे तीन!

पुढे मायक्रोसॉफ्टनेही रीत बदलली. ‘एसक्यूएल सर्व्हर २०१२’ आणि ‘विंडोज सर्व्हर २०१६’पासून कोअर मोजले जाऊ लागले. विंडोज सर्व्हरच्या मुख्य आवृत्त्यांत एका सर्व्हरला किमान १६ कोअरचे परवाने घ्यावेच लागतात. चार कोअरचा लहान सर्व्हर घेणाऱ्या संस्थेलाही सोळांचेच पैसे पडतात. दोन प्रोसेसर, प्रत्येकात २० कोअर असतील, तर हिशेब ४० कोअरचा.

घरच्या संगणकाला ही मोजदाद लागू नाही. पण पतसंस्था, शाळा किंवा दवाखान्याच्या समितीवर काम करणाऱ्यांनी ती जरूर ध्यानात ठेवावी. विक्रेता यंत्राची किंमत सांगतो. परवान्यांचा आकडा मागाहून येतो आणि तो कधीकधी यंत्रापेक्षाही मोठा असतो. म्हणून दोन्हींचे दरपत्रक एकदमच मागावे. गरजेपेक्षा जास्त कोअर घेऊ नयेत. कमी पण वेगवान कोअर पुष्कळदा स्वस्त पडतात. ‘पोस्टग्रेएसक्यूएल’सारख्या मुक्त डेटाबेसला परवान्याचे पैसे लागत नाहीत, मात्र तो सांभाळणारा जाणकार माणूस हवा, आणि त्याचा पगारही हिशेबात धरायला हवा.