पाटी बदलली, पट्टी नाही

गणपतीच्या गाण्यांचा हंगाम जवळ आला की आमच्याकडे दोन प्रकारची पत्रे येऊ लागतात. पहिल्या प्रकारात बुडालेल्या पैशांची रड असते, दुसऱ्यात ऐनवेळी बदललेल्या पट्टीची. यंदा दुसऱ्या प्रकाराने पहिल्याला मागे टाकले. त्याचे सारे श्रेय एका गायन स्पर्धेच्या आयोजकांनी काढलेल्या परिपत्रकाला जाते.

स्पर्धा मायनस ट्रॅकवर गाण्याची. प्रवेशिकेसोबत ट्रॅक तर हवाच, शिवाय त्याची मूळ मिडी फाइलही हवी. इथवर ठीक. पण एका कलमात म्हटले आहे की, फाइलमधील की सिग्नेचर आणि प्रवेशिकेवर लिहिलेली पट्टी यांत तफावत आढळल्यास प्रवेशिका बाद. सोबत परिशिष्ट: काळी एक म्हणजे सी शार्प, काळी चार म्हणजे जी शार्प, वगैरे.

आमच्या एका वाचकाने भूपातले गाणे काळी चारमध्ये बांधून पाठवले. सूर चोख होते, पण फाइलमध्ये की सिग्नेचर भरलेली नव्हती. आपल्यापैकी किती जण ती भरतात? ती कोरी असली की बहुतेक सॉफ्टवेअर मुकाट्याने सी मेजर दाखवतात. प्रवेशिका परत आली, शेरा होता: ‘ट्रॅक पांढरी एकचा आहे.’ वाचकाने फोन लावला, “साहेब, एकदा ऐकून तर बघा.” उत्तर मिळाले, “ऐकायचं काम परीक्षकांचं. आम्ही फाइल तपासतो.”

बरे, म्हणून तो जी शार्प मेजर भरायला बसला, तर यादीत ते नावच नाही. असणार कसे? मिडी फाइलमध्ये की सिग्नेचरसाठी दोनच आकडे ठेवलेले असतात. एक शार्प-फ्लॅटची संख्या सांगतो, जास्तीत जास्त सात; दुसरा मेजर की मायनर एवढेच सांगतो. जी शार्प मेजरला आठ शार्प लागतात. म्हणून जगभर तीच पट्टी ए फ्लॅट मेजर म्हणून, चार फ्लॅट देऊन लिहितात. याने तसे केले. प्रवेशिका पुन्हा परत: ‘ए फ्लॅट ही पट्टी परिशिष्टात नाही.’ शेवटी वैतागून त्याने जी शार्प मायनर निवडले. त्याला पाच शार्प पुरतात, म्हणून ते यादीत असते. गाण्यात शुद्ध गंधार ठणठणीत वाजतो आहे, पाटीवर मायनर लिहिले आहे, आणि प्रवेशिका मंजूर!

दुसऱ्या पत्रातली गोष्ट याच्या बरोबर उलटी. त्या प्रोग्रॅमरने पांढरी एकमधल्या फाइलची नुसती की सिग्नेचर बदलली आणि गाणे काळी चारमध्ये गेले असे समजून पाठवून दिले. कार्यालयात ते पहिल्या फटक्यात पास झाले. रंगमंचावर त्या मुलीने काळी चारचा सा लावला आणि ट्रॅक पांढरी एकमध्ये सुरू झाला. पुढचे सांगत नाही.

की सिग्नेचर ही दारावरची पाटी आहे. पाटी बदलल्याने घरातली माणसे बदलत नाहीत. नोटेशन छापायला तिचा उपयोग होतो, पण एकही स्वर तिच्यामुळे आपोआप जागचा हलत नाही. आणि आपल्या संगीताला तर ती पाटीही पुरत नाही. भैरव मेजर की मायनर? मारव्याला किती शार्प? या प्रश्नांची उत्तरे आयोजकांनी पुढच्या परिशिष्टात द्यावीत.

पण कार्यालयाला हसण्याआधी आपल्या घरच्या फायलीही उघडून पाहाव्यात. गेल्या महिन्यात आमच्या स्टुडिओत एक गाणे डबिंगला आले. अरेंजरने ते स्वतःच्या आवाजातल्या रफवरून काळी एकमध्ये केले होते; गाणारी मुलगी होती. माईकसमोर दोन ओळी म्हणून ती म्हणाली, “दादा, चार पट्ट्या वर घ्या ना.” चार म्हणजे कुठल्या चार? नुसत्या पांढऱ्या मोजायच्या, की मधल्या काळ्याही धरायच्या? पेटी काढून विचारले तेव्हा कळले, तिला पांढरी चार हवी होती. म्हणजे चार सेमिटोन. आमच्या उत्साही सहायकाने सगळे ट्रॅक निवडले, ‘अधिक चार’ टाकले आणि प्ले दाबले.

मग जे वाजले ते असे. जनरल मिडीच्या नकाशात ३६ वर किक असते. ती ४० वर जाऊन इलेक्ट्रिक स्नेअर झाली. ३८ वरचा स्नेअर ४२ वर गेला, तिथे बंद हाय-हॅट. ४२ वरची बंद हाय-हॅट ४६ वर जाऊन उघडी झाली. ४९ वरचा क्रॅश ५३ वर जाऊन राइडची टोपी टणटणू लागला. तबल्याच्या प्लग-इनमध्ये प्रत्येक पट्टीवर एकेक बोल. तिथे केरव्याचा ठेका कुठल्याच तालात बसेना. स्ट्रिंग्जचे की-स्विच तळच्या पट्ट्यांवर होते, तेही चार घरे सरकले आणि लांब सुरांच्या जागी पिझिकाटो टपटपू लागला. आधीच वाजवून घेतलेली खरी बासरी मात्र जागची हलली नाही. ती ऑडिओ, ती हलणार कशी? ती काळी एकमध्येच आर्जवे करत राहिली.

ट्रॅक अडतीस, आणि त्यांतल्या निम्म्यांची नावे ‘इन्स्ट्रुमेंट १७’, ‘इन्स्ट्रुमेंट १७ कॉपी’ अशी. कुठला स्वरांचा, कुठला तालाचा, हे एकेक सोलो करून शोधावे लागले. काही ट्रॅक फ्रीझ केलेले, ते आधी वितळवावे लागले. एका पॅडच्या प्लग-इनमध्ये कोणीतरी आधीच ‘उणे दोन’ करून ठेवले होते, ते शेवटपर्यंत सापडत नव्हते. अडीच तास गेले. तोवर मुलीचा आवाज बसला आणि निर्माते म्हणाले, “एक बटण दाबायचं काम, त्याला एवढा वेळ?”

एक बटण दाबायचे काम ते खरेच आहे. सेशन नीट लावलेले असेल तर. मिडी १९८३ मध्ये आली तेव्हापासून तिच्यात स्वर म्हणजे ० ते १२७ मधला एक आकडा. पट्टी बदलणे म्हणजे त्या आकड्यांत ठरावीक आकडा मिळवणे किंवा वजा करणे. पिच बेंडला हात लावावा लागत नाही, कारण मींड मूळ स्वराच्या हिशेबाने चालते. फक्त वाद्य बदलले तर बेंडची रेंज तपासायची. आणि कुणाला हलवायचे नाही, हे सांगण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये केव्हाच आहे. क्यूबेसमध्ये ट्रान्सपोज ट्रॅक आहे, तालाचे भाग ‘इंडिपेंडंट’ ठेवता येतात. लॉजिकमध्ये ट्रॅकला ‘नो ट्रान्सपोज’ची खूण करता येते. प्रो टूल्समध्ये कोणता ट्रॅक ‘पिच्ड’ आहे ते ठरवून ठेवता येते. रीपरमध्ये अनेक आयटम एकाच एडिटरमध्ये उघडून एकदम सरकवता येतात. महागड्या प्रोग्रॅमचे पैसे मोजायचे आणि ती एक खूण करायचा आळस करायचा, याला काय म्हणावे?

दुसरी खोड अज्ञानाची. ट्रान्सपोजच्या खिडकीत ‘क्रोमॅटिक’ आणि ‘डायटॉनिक’ असे दोन पर्याय दिसले की आपले बंधू दुसरा निवडतात. कदाचित तो जास्त शास्त्रीय वाटतो म्हणून. एका वाचकाने पांढरी एकमधला भूप पांढरी तीनला न्यायचा म्हणून डायटॉनिकने दोन पायऱ्या चढवला. सा बरोबर पांढरी तीनवर आला. पण रे, ग, प, ध सी मेजरच्या पांढऱ्या पट्ट्यांवरच अडकले आणि रिषभ, गंधार, धैवत कोमल होऊन बसले. भूपाची झाली भूपाल तोडी! वाचक विचारतात, सॉफ्टवेअरमध्ये बग आहे का? नाही हो. सॉफ्टवेअरने सांगितलेले काम केले. आपल्या गाण्यांसाठी नेहमी क्रोमॅटिक. ‘स्केलमध्ये बसवा’ असे सुचवणारी प्रत्येक खूण काढून टाका, नाहीतर यमनातला तीव्र मध्यम पहिला बळी जाईल.

तिसरी गोष्ट वर की खाली याची. काळी एकवरून काळी चारला सात सेमिटोन वर जाता येते, नाहीतर पाच खाली. सगळ्यांना एकच उत्तर लावू नका. व्हायोलिनचा तळ ५५ वर. त्याखाली गेलात तर प्रामाणिक सॅम्पल लायब्ररी गप्प बसते, अप्रामाणिक रडते. चार तारांच्या बेस गिटारचा तळ २८ वर. ३१ वरचा स्वर पाच खाली नेला की तो गेलाच. तेवढा स्वर एक सप्तक वर घ्यावा लागतो. पॅड सात वर नेले तर पातळ पाण्यासारखे होते. आधी प्रत्येक वाद्याचा तळ-माथा पाहा, मग आकडा टाका. आणि ढोलकीचा ऑडिओ लूप पाच सेमिटोन खेचून “चालून जाईल” म्हणणाऱ्यांनी तो एकदा लावणीच्या कलाकाराला ऐकवावा.

ही पत्रे वाचताना राहून राहून एकच वाटले. स्पर्धेचे कार्यालय आपल्याला मूर्ख कलमे पाठवते, कारण आपण आपली पट्टी कुठेच नीट लिहून ठेवत नाही. फाइलच्या नावात नाही, ट्रॅकवर नाही, बिलावर तर नाहीच. आपण ठरवले नाही तर कारकून ठरवणार.

म्हणून या हंगामापुरते तरी एवढे करा. प्रोग्रॅमिंगचा पहिला स्वर टाकण्याआधी गाणाऱ्याला पेटीजवळ बसवा, गाण्यातला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर म्हणायला लावा आणि पट्टी त्याच क्षणी पक्की करा. “दोन पट्ट्या वर” हा शब्दप्रयोग स्टुडिओतून हद्दपार करा. काळी एकवरून पांढरी चार, अधिक चार सेमिटोन, असे कुठून कुठे आणि किती तेच बोला. सेशनमध्ये दोन फोल्डर करा. एकाचे नाव ‘हलणारे’, दुसऱ्याचे ‘न हलणारे’. ड्रम, तबल्याचे बोल, की-स्विच, सारे दुसऱ्यात. तबल्याचा सूर त्या प्लग-इनमधल्या ट्यूनिंगने बदला, बोलांच्या पट्ट्या सरकवून नव्हे. ट्रान्सपोज एकाच ठिकाणी करा. कीबोर्डवर थोडे, प्लग-इनमध्ये थोडे आणि प्रोजेक्टमध्ये उरलेले, असा मसाला घालू नका. फाइल दुसऱ्याला देण्याआधी ते ट्रान्सपोज स्वरांत पक्के करून द्या. बासरी, शहनाई, सारंगी वाजवून घ्यायची ती पट्टी ठरल्यावरच. आणि कोटेशनमध्ये एक ओळ वाढवा: पट्टीचा पहिला बदल मोफत, थेट वादन झाल्यावरच्या बदलाचे पैसे. ही ओळ लिहायला ज्यांना संकोच वाटतो, त्यांनी पैसे बुडाल्याची पत्रे आम्हाला पाठवू नयेत.

राहिले स्पर्धेचे आयोजक. ते कलम काढून टाका, ही आमची जाहीर विनंती. पट्टी फाइलमधून शोधू नका, गाणाऱ्याच्या तोंडून विचारा आणि ट्रॅक वाजवून पेटीवर तिचा सा लावून बघा. कार्यालयात पेटी नसेल तर आमच्या स्टुडिओतली पाठवून देऊ. जुनी आहे, भाता थोडा गळतो. पण तिच्यावर जी शार्प आणि ए फ्लॅट दोन्ही एकाच काळ्या पट्टीत राहतात, आणि आजवर त्यांचे भांडण झालेले नाही.