मापाचेही माप हवे

विहिरीच्या पाण्यात सल्फेट भरमसाट निघाले की पहिला प्रश्न असतो, हे आले कुठून? खाणीतून, खतातून की जमिनीतल्या जिप्समातून? पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 200 मिलिग्रॅम सल्फेट भारतीय मानकाला चालते. पण सल्फेट किती आहे हे कळल्याने ते कोणाचे, हे कळत नाही. त्याचा माग त्यातल्या ऑक्सिजनवरून काढता येतो. जड ऑक्सिजन-18 आणि हलका ऑक्सिजन-16 यांचे प्रमाण उगमानुसार बदलते. खाणीतल्या पायराइटपासून सल्फेट बनताना ऑक्सिजन पाण्यातून आणि हवेतून येतो, आणि एकदा जडला की विहिरीच्या साध्या पाण्यात तो सहजी सुटत नाही.

हे प्रमाण मोजायचे म्हणजे ठरलेल्या प्रमाण-नमुन्याशी ताडून पाहायचे. किराणा दुकानातल्या वजनांना शिक्का लागतो, तसेच हे. 'एनबीएस-127' ही बेरियम सल्फेटची पांढरी पूड कॅलिफोर्नियातील माँटेरे उपसागराच्या पाण्यातल्या सल्फेटपासून बनवलेली आहे. व्हिएन्नाची आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था असे नमुने पुरवते. शून्य मानलेल्या प्रमाण सागरजलाच्या तुलनेत तिचे मूल्य बरीच वर्षे हजारी 9.3 धरले जाई. पुढे उच्च तापमानाला नमुना फोडण्याची पद्धत आली, अनेक प्रयोगशाळांनी मिळून फेरमोजणी केली आणि 2009 मध्ये आकडा 8.6 च्या आसपास ठरला. पूड तीच, आकडा मात्र 0.7 ने घसरला.

एवढ्याशाने काय होते? समजा, खाणीच्या आणि खताच्या सल्फेटमध्ये हजारी 7 चा फरक आहे. मग 0.7 च्या चुकीने खाणीचा वाटा थेट 10 टक्के-अंकांनी हलतो. भरपाईच्या भांडणात हे थोडे नव्हे.

शिवाय एकाच वजनावर तराजू पारखून भागत नाही. यंत्र मोजपट्टी ताणते किंवा आखडते. ते पकडायला 'आयएईए-एसओ-5' आणि 'एसओ-6' हे नमुने आहेत, एक सुमारे अधिक 12, दुसरा उणे 11. महागड्या यंत्राच्या उद्घाटनाचा फोटो छापून येतो, या पुड्यांचा कोण छापणार!

म्हणून कोणता नमुना वापरला आणि त्याचे मूल्य किती धरले, हे ज्या अहवालात नाही तो पुरावा म्हणून स्वीकारूच नये. ते लिहिलेले असेल तर जुना आकडा कागदावरच दुरुस्त करता येतो. नसेल तर पाणी पुन्हा उपसावे लागते, आणि तोवर विहिरीत तेच पाणी उरलेले नसते.