भांडण माशांचे, चूक आपली

काचेच्या टाकीत संथपणे तरंगणारा एंजल मासा तुम्ही पाहिला असेलच. नाण्यासारखे चपटे अंग, वर आणि खाली लांब निमुळते पर, चंदेरी रंगावर काळे उभे पट्टे. त्याच्याकडे पाहिले की कोणीही म्हणेल, किती शांत प्राणी आहे हा! म्हणून आपण दुकानातून नाण्याएवढी दोन पिल्ले आणतो. काही महिने सारे सुरळीत चालते. मग एके दिवशी एक मासा कोपऱ्यात पर मिटून बसलेला दिसतो. त्याच्या शेपटीच्या चिंध्या झालेल्या असतात आणि दुसरा त्याला जेवूही देत नाही. घरातले म्हणतात, "हा मासा दुष्ट निघाला."

माझे मत याच्या अगदी उलट आहे. मासा दुष्ट नाही. आपण त्याला चुकीच्या घरात ठेवले आहे.

या माशाचे शास्त्रीय नाव टेरोफायलम स्केलॅरे. तो सिक्लिड कुलातला असून दक्षिण अमेरिकेतील अॅमेझॉनच्या खोऱ्यात राहतो. तेथील संथ पाण्यात झाडांची मुळे, बुडालेल्या फांद्या आणि पाणवनस्पती यांच्या गर्दीत तो वावरतो. चपटे अंग आणि उभे पट्टे यांमुळे देठांच्या सावल्यांत तो दिसेनासा होतो. लहानपणी ही पिल्ले थव्याने राहतात. मात्र सहा ते बारा महिन्यांत ती वयात येतात, जोड्या जमतात आणि प्रत्येक जोडी आपली हद्द आखते. एखादे उभे पान किंवा फांदी साफ करून मादी त्यावर शेकडो अंडी घालते. मग नर आणि मादी दोघेही परांनी पाणी हलवत त्यांची राखण करतात. जवळ येणाऱ्याला हुसकावणे हा या संगोपनाचाच भाग आहे.

आता नीट लक्ष द्या. ही भांडणे बहुतेक वेळा दिखाऊ असतात. दोन मासे पर ताणून एकमेकांना आपली बाजू दाखवतात, शेपटीने पाणी ढकलतात, फार झाले तर जबड्यात जबडा अडकवून रेटारेटी करतात. ज्याला हार कळते तो पर मिटून पळतो आणि भांडण संपते. म्हणजे शरणागतीचा अर्थ आहे, नजरेआड होणे. नदीत हे सहज घडते. पण साठ सेंटिमीटर लांबीच्या टाकीत हरलेला मासा पळून पळून जाणार कुठे? तो तेथेच दिसत राहतो. जिंकणाऱ्याच्या दृष्टीने त्याने हार मानलेलीच नसते. म्हणून पाठलाग थांबत नाही.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. जोडी नसलेले दोनच मासे ठेवणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे, कारण बलवान माशाचा सारा राग एकट्या दुबळ्यावर निघतो. वर्तनशास्त्रज्ञ कोनराड लोरेंझ यांना 1973 साली नोबेल पारितोषिक मिळाले. सिक्लिड माशांच्या जोडीजवळचे शेजारी काढून घेतले तर नर आपल्याच मादीवर तुटून पडतो, असे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. राग वाटला गेला तर सौम्य होतो, एकवटला तर जीव घेतो.

मग करावे काय? आधी गणित करा. 60 × 30 × 45 सेंटिमीटरची टाकी म्हणजे 81 लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी सत्तर लिटरच्या आसपास राहते. एवढ्यात मोठी झालेली एकच जोडी सुखाने राहील. पाच-सहा मोठे मासे ठेवायचे तर दोनशे लिटरपेक्षा जास्त पाणी हवे. लांब पर असल्याने टाकी उंचही हवी. वयात येईपर्यंत नर-मादी ओळखणे कठीण, म्हणून पाच-सहा पिल्ले आणून त्यांना आपली जोडी आपण जमवू द्यावी. पण उरलेली कोणाकडे द्यायची, हे आणण्याआधीच ठरवा. त्यांना तळ्यात किंवा नदीत मात्र कधीही सोडू नका. परके मासे तेथील माशांच्या मुळावर येतात.

दुसरे काम आडोशाचे. व्हॅलिसनेरियाच्या लांब पानांचे दाट झुबके, लाकडाचे ओंडके आणि उभे ठेवलेले सपाट दगड अशा रीतीने मांडा, की टाकीच्या एका टोकाकडून दुसरे टोक दिसू नये. खाणे दोन ठिकाणी टाका. नवा मासा सोडताना सारी मांडणी बदला, म्हणजे जुन्या हद्दी पुसल्या जातात. सोबती निवडतानाही विचार करा. टायगर बार्ब एंजलचे पर कुरतडतो, तर इवल्याशा निऑन टेट्राला मोठा एंजल गिळून टाकतो. त्यातही त्याचा दोष नाही. लहान मासे हे त्याचे अन्नच आहे.

कोणी म्हणेल, काही मासे स्वभावानेच तापट असतात. खरे आहे. अशा माशाला वेगळे ठेवावेच लागते. पण जागा आणि आडोसा न देता स्वभावाला बोल लावणे म्हणजे आपली जबाबदारी टाळणे होय.

शिक्षकांना एक विनंती. शाळेत टाकी असेल तर ती केवळ शोभेसाठी ठेवू नका. रोज ठरावीक वेळी दहा मिनिटे किती पाठलाग झाले, याची नोंद विद्यार्थ्यांना ठेवू द्या. आठवड्यानंतर वनस्पती आणि दगड वाढवा आणि पुन्हा मोजा. आकडे कमी झाले की नाही, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या. आणि एवढी जागा आपल्याजवळ नसेल, तर एंजल मासा न आणणे हाही शास्त्रीय निर्णयच आहे. तो घेण्यात कमीपणा नाही.