पालकाची जुडी आणि चांदणी कासव

तळहातावर मावेल एवढं कासवाचं पिल्लू. पाठीवर पिवळ्या चांदण्या. त्याच्यापुढे धुऊन, निथळून, बारीक चिरलेला पालक. अशा घरांतून विचारणा होते ती एकच : याला आणखी पौष्टिक काय द्यावं?

आधी त्या पालकाचंच बघू. माणसाला चांगला म्हणून कासवालाही चांगला, हा हिशेब चुकतो. पालकात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं. ते कॅल्शियमला बांधून टाकतं, अंगी लागू देत नाही. आणि पिल्लाला या वयात सगळ्यांत जास्त गरज असते ती कॅल्शियमचीच. कासवाची पाठ म्हणजे वरून घातलेलं झाकण नव्हे. ती हाडंच आहेत. मणका आणि बरगड्या तिच्यातच मिसळलेल्या असतात. हाडाला कमी पडलं की पाठ मऊ राहते, पाय वाकडे होतात, मग चालणं आणि खाणं सुटतं. हे महिनोन्‌महिने आत चाललेलं असतं आणि घरच्यांना दिसतं ते शेवटी. तोवर रोज ताजी जुडी येत असते.

काकडीचंही तेच. तिच्यात ९५ टक्के पाणी, आणि कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस जास्त. पिल्लाला हवं ते याच्या बरोबर उलट. दूध-पोळीचं तर नावच नको.

मग हे कासव खातं काय? गवत. हरळी, बांधावरचा रानपाला, जास्वंदीची पानं-फुलं, फड्या निवडुंग. पुणे जिल्ह्यातल्या मार्गासनी गावात यातलं काही विकत आणावं लागत नाही. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना दोन्ही बाजूंना भातखाचरं आहेत, आणि त्यांच्या बांधांवर हवं तेवढं गवत आहे. तणनाशक मारलेलं तेवढं टाळायचं. तरीही या रस्त्याला सुट्टीपुरत्या उघडणाऱ्या एखाद्या बंगल्यात असं पिल्लू आलंच, तर त्याच्यापुढे पडेल ती पुण्याहून पिशवीतून आलेली भाजी. दाराबाहेरचं गवत हे अन्न आहे, असं तिथं कुणाच्या मनातही येणार नाही.

शिवाय पानातलं कॅल्शियम अंगी लागायला ‘ड’ जीवनसत्त्व लागतं, आणि ते उन्हातल्या अतिनील किरणांनी तयार होतं. खिडकीची काच नेमके तेच किरण अडवते. काचेच्या पेटीत, खिडकीशी ठेवलेल्या पिल्लाला ऊब मिळते, ऊन मिळत नाही. उत्तम पाला दिला तरी पाठ मऊ राहण्याचं हे दुसरं कारण.

म्हणजे योग्य आहार कोणता, तर मोकळी जमीन, तिच्यावरचं गवत आणि वरचं ऊन. हे वाटीत काढून देता येत नाही. आणि ते जिथं होतं तिथूनच या पिल्लाला उचललेलं असतं. कासव घरात आलं की भरभराट होते, या समजुतीवर पिल्लांचा हा बाजार चालतो. देवळात गाभाऱ्यासमोर आपण दगडी कासवाला हात लावून नमस्कार करतो. त्याला भूक नसते. जिवंत पिल्लाला असते.

चांदणी कासव घरात ठेवणं हा गुन्हा आहे, आणि किरकोळ नाही. २०१९ मध्ये भारताने पुढाकार घेतला आणि जिनिव्हाच्या वन्यजीव-व्यापार परिषदेत या कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तेव्हापासून हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीत. शिक्षा किमान ३ वर्षं, कमाल ७. ज्याला आहाराची एवढी काळजी आहे, त्याने हे पिल्लू आलं कुठून हे पैसे मोजण्याआधी विचारायला हवं होतं. विकत घेणारा प्रेमळ असला तरी पकडणाऱ्याला पुढच्या पिल्लाची मागणी त्याच्याकडूनच मिळते.

हे वाचून कुणी ते पिल्लू घेऊन राजगडाच्या वाटेला लागू नये. ‘निसर्गात सोडून दिलं’ हे पुण्य नाही. हे कासव कोरड्या, काटेरी झुडपांच्या मुलुखातलं. वेल्ह्याचा पाऊस त्याला झेपणारा नाही. त्याहून वाईट म्हणजे कासव दिसलं की लोक त्याला पाण्यात सोडतात. हे जमिनीवरचं कासव आहे. त्याला पोहता येत नाही. गुंजवणी नदीच्या पात्रात ते बुडून मरेल.

१९२६ हा वनखात्याचा विनाशुल्क क्रमांक आहे. त्यावर फोन करावा आणि पिल्लू त्यांच्या ताब्यात द्यावं. त्यांची माणसं येईपर्यंत ते कोरड्या खोक्यात ठेवावं, खोक्याला हवेसाठी भोकं पाडावीत. उथळ बशीत थोडं पाणी ठेवावं, पिल्लाची मान वर राहील इतकंच. आणि खायला बांधावरची मूठभर हरळी.